घरचाच लॅपटॉप

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक कधी "मी पासवर्ड विसरलो" असं म्हणत नाही. ते म्हणतं, "कॉम्प्युटर बिघडलाय." काल संध्याकाळपर्यंत झ्याक चालत होता, आज सकाळी आपोआप बिघडला. मी बटण दाबायची, पडद्यावर पासवर्डची चौकट यायची, आणि समोरचा माणूस त्या चौकटीकडं असा बघायचा, जणू ती मीच आत्ता तिथं आणून ठेवलीय. "ही आधी नव्हती मॅडम," असं शपथेवर सांगणारे लोक मी पाहिलेत. रोज सकाळी त्याच चौकटीत बोटं चालवून आत जाणारे लोक बरं का!

आष्ट्यात एसटी स्टँडच्या पाठीमागं माझं दुकान होतं. पुढं दुरुस्ती, आतल्या खोलीत दुपारी टॅलीचा क्लास. आमचे हे फौजेत होते. त्यांच्या बदल्यांमागं फिरता फिरता एका छावणीच्या गावात मी कॉम्प्युटर उघडायला आणि परत जोडायला शिकले, आणि आष्ट्याला आल्यावर गप बसवेना म्हणून दुकान टाकलं. बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेली बघून लोक सुरुवातीला आत डोकवायचे आणि विचारायचे, "मालक कुठं गेलेत?" मी सांगायची, "बॉर्डरवर." आता ते दुकान बंद केलंय. बोटं दुखतात, डोळे दमलेत, आणि खरं सांगायचं तर तेच तेच सांगून जीव विटला. आम्ही दोघं सांगलीला राहायला आलो. तरी दार वाजतंच. दारात माणूस, हातात पिशवी, पिशवीत लॅपटॉप आणि तोंडात "आपोआप".

या अंकासाठी "तुमच्या कामाचं काहीतरी लिहा" असा निरोप आला, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, लोकांच्या विसरभोळेपणावर पानं काय भरायची? हे म्हणाले, "त्या पोरीचं लिही की." पोरीचं लिहिणारच आहे. पण आधी धंदा काय होता ते थोडं सांगते, नाहीतर तिचं काय झालं ते कळायचं नाही.

पासवर्ड विसरलेला माणूस आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "तुमचं कुलदैवत कुठलं?"

माणूस दचकायचा. हळदीचे एक व्यापारी होते, त्यांना आपण दामूशेठ म्हणू. ते तर खुर्चीवरून अर्धे उठलेच. "का वो मॅडम? कुणी काय करणी-बिरणी केलीया का?" मी म्हटलं, बसा, कुलदैवत सांगा. म्हणाले, जोतिबा. मी देवाचं नाव टाकलं, पुढं एक-दोन-तीन टाकलं. उघडला. दामूशेठनी मला बसल्या जागी हात जोडले. "अंगात येतं का वो तुमच्या?"

"तुमच्यासारखी गिऱ्हाईकं आली की येतं," मी म्हटलं.

यात जादू कसली आलीय! आपल्याकडं माणूस नव्या वस्तूला आधी हळद-कुंकू लावतो आणि मग देवाचं नाव देतो. ट्रकवर देव, दुकानावर देव, मग पासवर्डच तेवढा कसा सुटेल? कुलदैवत नाही लागलं तर थोरल्या पोराचं नाव, ते नाही तर ट्रॅक्टरचा नंबर, तेही नाही तर बैलाचं नाव. मुलीचं नाव क्वचित लागायचं. बायकोचं तर माझ्या सबंध धंद्यात दोनदा लागलं, आणि त्यातला एकजण नव्यानं लग्न झालेला होता.

दामूशेठची गंमत मात्र पुढं झाली. महिन्याभरानं परत आले, तोंड पाडून. त्यांची आणि धाकट्या भावाची वाटणी झालेली. धंदा तोच, पेढ्या शेजारी शेजारी. आणि शेठ उद्या कुणाला कुठला माल दाखवणार, ते भावाला आजच कळायचं. शेठचा संशय दिवाणजींवर. त्या म्हाताऱ्या माणसाला कामावरून काढायच्या बेतात होते. मला म्हणाले, "कॉम्प्युटरमधनं कोण काय चोरतंय का ते बघून द्या."

मी विचारलं, "भाऊ पेढीवर येतात का?"

"येतो की. वाटणी झाली म्हणून काय च्या बंद हुतोय का? दुपारी मी जेवायला जातो तवा असतोय बसलेला."

"त्यांचं कुलदैवत कुठलं?"

शेठ बोलायला गेले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग हळूच म्हणाले, "आयला! देव एकच की वो आमचा."

हीच आपल्याकडची मेख आहे. पासवर्ड परक्याला अडवायला असतो, आणि इथं परका येतोय कशाला? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ज्याला डोकवायचंय तो भावकीतलाच असतो, आणि भावकीला तुमचा देव, तुमच्या पोराचं नाव, ट्रॅक्टरचा नंबर, सगळं तोंडपाठ असतं. मी शेठना म्हटलं, देव सोडून दुसरं काहीही ठेवा. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि बायकोच्या माहेरचा देव ठेवला. मी कपाळाला हात लावला. पण दिवाणजींची नोकरी वाचली, हे काही थोडं नाही.

देवाचं नाव लागलं नाही, तर दुसरा रस्ता होता. तो ऐकून अजूनही लोकांना धक्का बसतो. घरच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड म्हणजे पुढच्या दाराची कडी. दाराला कडी आहे म्हणून आपण निवांत झोपतो, पण परसदाराला दारच नाही. कॉम्प्युटरच्या आत एक डिस्क असते, आपलं सगळं तिच्यात. ती चार स्क्रू काढून बाहेर घ्यायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. सगळं समोर. फोटो, हिशेब, चिठ्ठ्याचपाट्या, सगळं. पासवर्ड कुणी विचारतच नाही. जुन्या मशिनींना हे व्हायला चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरायचा.

गिऱ्हाईक आधी खूश व्हायचं. "आलं, आलं! सगळं आलं!" मी गप बसून वाट बघायची, कारण त्याचा दुसरा चेहरा यायचा राहिलेला असायचा. तो यायचाच. "म्हंजे मॅडम... हे कुणालाबी उघडता येईल?"

"ज्याच्याकडं स्क्रू-ड्रायव्हर आहे, त्याला."

"मग पासवर्डचा उपेग काय?"

"बारकी पोरं आणि पाहुणे," मी सांगायची. त्यावर कुणी हसायचं नाही.

म्हणून मी माझ्यापुरते काही नियम केले होते. मशीन टेबलावर ठेवलं, की आधी विचारायचं, कुणाचं आहे? गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं, की तोंड फिरवून रस्त्याकडं बघायचं. आमचे लोक असे, की मी तोंड फिरवलं तर तोच पासवर्ड मोठ्यानं ओरडून सांगायचे, बाकावरच्या चार जणांना ऐकू जाईल असा. पण मी तोंड फिरवायचीच. आणि कुणाच्याही वस्तूची प्रत दुकानात ठेवायची नाही. एका गावात एका दुरुस्तीवाल्याकडून एका पोरीचे फोटो बाहेर गेले होते, तिचं ठरलेलं लग्न मोडलं. ते ऐकल्यापासून मी हा नियम केला. लोक म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या की एक कॉपी तुमच्याकडं, आमचं परत गेलं तर?" मी म्हणायची, न्या तुमचं तुम्ही. मला रात्री झोप लागली पाहिजे.

मग नवीन लॅपटॉप यायला लागले. हे वेगळंच प्रकरण. यांच्यातली डिस्क आतून कुलूपबंद असते. बाहेर काढून दुसरीकडं जोडली तर नुसता कचरा दिसतो. आणि मशिनीला जरा संशय आला, कुणी आत हात घातलाय, काही बदललंय, तर ती नेहमीचा पासवर्ड घेतच नाही. चाळीस-पन्नास आकड्यांचा एक लांबलचक नंबर मागते. तो नंबर मालकाच्या मेलमध्ये जाऊन पडलेला असतो, हे मालकाला माहीतच नसतं. महाबळेश्वरचे एक हॉटेलवाले आले होते. पावसाळ्यात लॅपटॉपमध्ये पाणी शिरलेलं, दुरुस्त केला तर तो नंबर मागायला लागला. ते रडकुंडीला आलेले. त्यांच्या पुण्यातल्या पोराला फोन लावला, त्यानं मेल उघडला, नंबर वाचून दाखवला, काम झालं. म्हणजे दुसरी किल्ली कुणाकडं तरी असेल तर सगळं सोपं असतं. नसेल तर देवाचा बाप आला तरी उघडत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पोरीचं सांगते.

तिला अश्विनी म्हणते. खरं नाव लिहीत नाही. माहेर फलटणकडचं, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन आष्ट्याजवळच्या एका वाडीत आली. उसाचं मोठं घर. वडिलांनी पास झाल्याबद्दल तिला लॅपटॉप घेऊन दिलेला, तो घेऊन ती माझ्या टॅलीच्या क्लासला यायची. मुलगी झाल्यावर क्लास सुटला. तीनेक वर्षांनी एका दुपारी ती दुकानात आली. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात काच फुटलेला मोबाइल. नुसती पडून फुटलेली नव्हती ती. आपटलेली होती. मला या धंद्यात तेवढं कळतं.

"मॅडम, यातलं सगळं लॅपटॉपमध्ये घेता येईल?"

मोबाइलचा पडदा गेला होता, पण आत जीव होता. मी तो जोडला. मुलीचे फोटो होते. जन्मल्यापासूनचे. बाळंतिणीच्या खोलीतले, पालथी पडायला लागली तेव्हाचे, उंबरा धरून उभी राहिली त्याचा व्हिडिओ. आणि त्यांच्याशेजारी रेकॉर्डिंग. नाव नाही, गाव नाही, नुसत्या तारखा. मी तिच्याकडं बघितलं.

"घरातलं बोलणं आहे," ती म्हणाली. "मला बोलतात ते. उद्या मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही."

मी सगळं लॅपटॉपमध्ये घेतलं आणि मोबाइलमधली रेकॉर्डिंग पुसून टाकली. ती म्हणाली, "हे दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाही असं करून द्या. कुणालाच. आमच्यातल्या तर नाहीच."

तेवढं मला येत होतं. लॅपटॉपची डिस्क आतून कुलूपबंद करता येत होती. पण त्याचा मेल नवऱ्यानं काढून दिलेला, पासवर्ड त्याला ठाऊक. लांबलचक नंबर त्या मेलमध्ये गेला तर कुलूप लावून किल्ली चोराच्या हातात दिल्यासारखं. दुसरा मेल काढावा तर ओटीपी कुठं येणार? सिम नवऱ्याच्या नावावर, आणि हा फुटलेला मोबाइल दुरुस्तीला म्हणून तासाभरासाठी मिळालेला. मी तो मेल लॅपटॉपमधून तोडून टाकला, नवं कुलूप घातलं आणि नवा नंबर कागदाच्या एका चिटोऱ्यावर छापून तिच्या हातात दिला. म्हटलं, "ही दुसरी किल्ली. ही जपून ठेव. मशीन कधी अडलं तर याच्याशिवाय उघडणार नाही."

तिनं चिटोरा हातात धरला. मग म्हणाली, "मॅडम, ठेवू कुठं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "अगं, कपाटात ठेव."

"कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला."

"पर्समध्ये?"

"बाहेरनं आले की पर्स पलंगावर ओततात. आत्ता गेल्यावरही ओततील."

मी म्हटलं, पिठाच्या डब्यात, गादीखाली, देवघरात. ती प्रत्येकाला नाही म्हणत गेली. डबा जाऊबाईंकडं, गाद्या दर आठवड्याला उन्हात, देवपूजा सासरे करतात. केवढं घर ते! पुढं अंगण, मागं गोठा, माळवद, दहा-बारा खोल्या. आणि त्या घरात या पोरीला बोटभर कागद ठेवायला जागा नव्हती. मला इतकी वर्षं वाटत होतं की पासवर्डला डोकं लागतं. जागा लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

पेनड्राइव्हवर फोटो घालून देते म्हटलं, तर तोच प्रश्न. वडिलांच्या फोनवर पाठवू म्हटलं, तर त्यांच्याकडं बटणांचा फोन. शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. मला कळलं ती काय विचारतेय. मी म्हटलं, "मी दुकानात कुणाचं काही ठेवत नाही गं."

"बरोबर आहे," ती म्हणाली. आणि तिनं तो चिटोरा फाडला. बारीक बारीक तुकडे केले, माझ्या चहाच्या कपात उरलेल्या चहात बुडवले आणि बोटानं कालवले. "पासवर्ड माझ्या डोक्यात राहील. डोकं अजून कुणी ओतून बघत नाही."

मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसले. ती बराच वेळ टाइप करत होती. त्यातला एकही देव नसणार, याची मला खात्री होती.

पुढं नागपंचमी आली. पंचमीला पोरी माहेरी जातात, तशी ती मुलीला घेऊन गेली आणि परत आलीच नाही. लॅपटॉप मात्र सासरीच राहिला. राहणारच! पंचमीला झोके घ्यायला निघालेली सून दोन साड्या आणि पोरीचे कपडे नेते, लॅपटॉप नेत नाही. नेला असता तर दारातच कळलं असतं, की ही परत यायची नाही.

मग एक दिवस तोच लॅपटॉप माझ्या टेबलावर आला. घेऊन आले होते तिचे सासरे. अण्णा. पांढरे कपडे, गावात मान, बोलणं गोड.

"आवं मॅडम, एवढं उघडून द्या बघू. आपोआप बिघडलाय."

मी पाहिल्याबरोबर ओळखला. तरी विचारलं, "कुणाचा आहे?"

"घरचाच हाय की."

"घरच्यात कुणाचा?"

"घरचा म्हंजे घरचा. सूनबाईचा. म्हंजे आमचाच न्हवं का?" मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरगी रुसून बसलीया. वकिलाकडं जाऊन आली म्हणं. ह्याच्यात कायतरी भरून ठिवलंय असं आमच्या कानावर आलंय. बघाय पायजे."

नियमानं मी नाहीच म्हणणार होते. पण माझ्या नाहीला किती किंमत? मी नाही म्हटलं तर पुढच्या चौकात दुसरा बसलेला. जुनी मशीन असती तर त्यानं चहा गार व्हायच्या आत सगळं काढून अण्णांच्या हातात दिलं असतं. इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आले होते. आता पोरीचं सगळं त्या एका कुलपावर होतं.

"मालकाशिवाय मी पासवर्ड काढत नाही अण्णा," मी म्हटलं. "आणि काढायचा म्हटलं तरी निघणार नाही."

"आवं, आमचं कुलदैवत टाकून बघा की! तिला दुसरं काय सुचणार हाय?"

"तुम्हीच टाका."

अण्णांनी एका बोटानं देवाचं नाव टाकलं. मग पोराचं. मग नातीचं. मग शेताचं. प्रत्येक वेळी बटण दाबून माझ्याकडं बघायचे. सांगते, मला त्या क्षणी त्या माणसाची कीवही आली. सून आपल्या घरात इतकी वर्षं राहिली, ती काय नाव ठेवील याचा त्याला अंदाजच नव्हता. त्याला वाटत होतं, तिच्या डोक्यातही आपलाच देव असणार.

"डिस्क भाईर काढून बघत्यात म्हणं," ते शेवटी म्हणाले.

"काढून नुसता कचरा दिसेल. आत कुलूप आहे."

"मॅडम, तुमी तर लय हुश्शार म्हणत्यात सगळी."

"नाही येत अण्णा मला," मी म्हटलं. मला काही येत नाही असं सांगताना आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. तो लपवायला मी उठून आत गेले आणि पाणी पिऊन आले. अण्णांनी लॅपटॉप पिशवीत घातला. "सांगलीत बघू कुणीतरी," म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "फौजेत परवलीचा शब्द चुकला तर पहारेकरी कर्नललाही थांबवतो. तुझ्या पोरीनं बरा पहारेकरी ठेवलाय." मी खूश झाले. आपण एक काम चोख केलं, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

वर्ष-दीड वर्ष गेलं. माझं दुकान बंद झालं, आम्ही सांगलीला आलो. आणि परवाच्या उन्हाळ्यात दार वाजलं. दारात अश्विनी. हातात पिशवी.

"मॅडम, आपोआप बिघडलाय," ती म्हणाली आणि हसली.

बसवलं. ह्यांनी चहा टाकला. तिनं सांगितलं, दोन्हीकडच्या माणसांनी बसून मिटवलं. मुलगी तिच्याकडं. तिची भांडी, शिलाई मशीन आणि हा लॅपटॉप परत मिळाला. सांगलीत एका औषधांच्या दुकानात हिशेब बघते, माझ्याकडं शिकलेली टॅली कामाला आली. एक खोली घेतलीय, पोरगी शाळेत जाते. मी विचारलं, "आणि ती रेकॉर्डिंग?"

"ती नाही लागली. वकीलबाईंनी यात रेकॉर्डिंग आहेत एवढं सांगितलं, तेवढ्यावरच ते घाबरले. आता मला ती ऐकायचीही नाहीत." मग म्हणाली, "मला फोटो पाहिजेत मॅडम. पोरगी विचारते, मी लहानपणी कशी होते? माझ्याकडं एक पण नाही. त्यांनी त्यांच्याकडचे पुसून टाकले."

"पासवर्ड आठवतोय?"

"झोपेतनं उठवून विचारा!"

मी लॅपटॉप सुरू केला. निळा पडदा आला. पासवर्डची चौकट आलीच नाही. मशीन लांबलचक नंबर मागत होतं.

मी तो उलटा केला. स्क्रूंची डोकी झिजलेली, एक स्क्रू नव्हताच. कुणीतरी उघडला होता. आतली बॅटरी काढली होती, जुनी सेटिंग पुसली होती, काय काय करून बघितलं होतं. कुलूप फुटलं नव्हतं. पण चोरानं धक्के मारले म्हणून मशिनीनं आतून दुसरी कडी लावून घेतली होती. आता बाहेर मालकीण उभी आहे की चोर, तिला काय कळणार?

"पण मॅडम, पासवर्ड मला येतोय," अश्विनी म्हणाली. "सांगू का?"

"तो विचारत नाही गं आता. तो नंबर मागतोय."

तिला समजलं. माझ्या चहाच्या कपाकडं तिनं बघितलं, तेव्हाच मला कळलं की तिला समजलं. मग रडली. मी इतक्या लोकांची मशीनं उघडली, देवाची नावं घालून उघडली, स्क्रू काढून उघडली. आणि जिच्यासाठी एकदा तरी उघडायला पाहिजे होतं, तिच्यासाठी मला काही करता येत नव्हतं. मी लावलेलं कुलूप मलाच निघेना. मला लय वाईट वाटलं. तिला तेव्हा घालून दिलेलं कुलूप बरोबरच होतं, उद्या दुसरी कुणी आली तर तेच घालून देईन, पण त्यानं माझं वाईट वाटणं काही कमी होत नव्हतं.

"मोठ्या शहरात कुणाला?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही. उघडून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नको."

"म्हणजे सासरच्यांनाही उघडलं नाही ना?"

"नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग त्यानं त्याचं काम केलं," म्हणाली. "लॅपटॉप तेवढा कामाला येईल असा करून द्या. दुकानातलं काम घरी आणता येईल."

मी नवी डिस्क बसवली. जुनी काढून टेबलावर ठेवली. एवढीशी असते ती, बडीशेपेच्या पुडीएवढी. उंबरा धरून उभी राहिलेली पोर तिच्यात होती आणि ती आता कुणाला दिसणार नव्हती. लॅपटॉप सुरू झाला. अश्विनीनं नवा पासवर्ड टाकला, मी खिडकीतून रस्त्याकडं बघत होते. मग नव्या डिस्कचा लांबलचक नंबर छापून तिला दिला. तो तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला.

जुन्या डिस्कला मात्र ती हात लावेना. टाकवतही नव्हती तिला ती. मी म्हटलं, "हवं तर मी ठेवते माझ्याकडं. जपून ठेवीन." सगळा धंदा झाल्यावर, दुकान बंद झाल्यावर, पहिल्यांदाच मी कुणाची वस्तू ठेवायला तयार झाले होते.

अश्विनीनं ती डिस्क उचलली आणि रुमालात बांधली.

"नको मॅडम," ती म्हणाली. "आता आहे मला ठेवायला जागा." तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक किल्ली काढून दाखवली. "लोखंडी कपाट घेतलंय. माझं एकटीचं."

"दुसरी किल्ली?" मी विचारलं. जुनी सवय, दुसरं काय.

"बाबांच्याकडं ठेवलीय," ती म्हणाली, "गावाला."